टू-टूनं पडलेलं डुक्कर

कोहमाऱ्याच्या फाट्यावर माझं कृषी केंद्र आहे आणि दुकानासमोर एक बाकडं आहे. माणूस युरिया घ्यायला येतो, बाकड्यावर टेकतो आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जातो. युरियाचा स्टॉक संपतो, किस्स्यांचा काही संपत नाही. गोडाऊन भरलं की जुना माल बाहेर काढावा लागतो, तसा आज थोडा काढतो.

हा सगळा माल एकाच गोतातला आहे. बंदूकवाल्यांचा! शिकारी म्हणत नाही मी. शिकारीला बंदी आहे आणि ती असलेलीच बरी. आमच्याकडे आहे ते शेतराखणीचं लायसन. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, रानडुकरं शिरली की वनखात्याकडे अर्ज करायचा, परमिशन आली तरच डुक्कर मारायचं आणि मारलं की लगेच खात्याला कळवायचं. ते येतात, पंचनामा करतात आणि डुक्कर खड्ड्यात पुरतात. खायचं नाही, नेऊ द्यायचं नाही, फोटोसुद्धा काढायचा नाही. त्यामुळे आजकालचे पोट्टे या भानगडीत पडत नाहीत. आम्ही तिघं तेवढे उरलो.

एक मी. माझ्याकडे बाबांची बारा बोरची बंदूक. दुसरे मेश्राम हवालदार, फौजेतून रिटायर झालेले. त्यांचीही बारा बोर. बोलतात कमी, पण बोलले की समोरचा तिथंच आडवा. आणि तिसरे टेंभरे काका. त्यांच्याकडे टू-टू.

टू-टू म्हणजे पॉइंट टू-टू रायफल. तिची गोळी केवढी, तर तुरीच्या दाण्याहून जराशी मोठी. कॉलेजच्या पोरांना नेमबाजी शिकवायला फर्स्ट क्लास! पण रानडुक्कर म्हणजे क्विंटलभराचं धूड, चिखलात लोळून लोळून खांद्याचं चामडं टणक झालेलं. त्याच्यासाठी टू-टू वापरणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. काकांना हे मान्य नाही. "नेम असला का टू-टूनं काहीबी पडते," हे त्यांचं ठाम मत.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलगी चांगल्या घरी पडली, शेतात बोअरला पाणी लागलं. काकांची आता एकच इच्छा राहिली होती. टू-टूनं एक डुक्कर पाडायचं, आणि तेही चार माणसांसमोर.

* * *

ही रायफल काकांच्या वडिलांची. शिकारबंदीच्या आधीच्या काळात वडिलांनी तिनं एका गोळीत एक जनावर पाडलं होतं, असं काका सांगतात.

मी दुकान टाकलं तेव्हा ते जनावर चितळ होतं. पुढं मुलाच्या साक्षगंधात काकांनी पाहुण्यांना सांगितलं तेव्हा ते सांबर झालं. लग्नात गवा झाला! मुलीकडचे लोक 'अरे बाप रे' म्हणाले, काका खूश.

मेश्राम हवालदार शेजारीच जेवत होते. वरणाचं बोट चाटत म्हणाले, "काका, नातवाच्या बारशापर्यंत थांबा. हत्ती होऊन जाईन."

* * *

इलेक्शन लागलं की सगळ्यांच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. आम्ही तिघंही गेलो. टेबलावर एक नवीन पोरगा होता, आमच्या भागातला नव्हता. त्यानं माझी बारा बोर घेतली, चिठ्ठी लावली, कपाटात ठेवली. मेश्रामांची घेतली, चिठ्ठी लावली, कपाटात ठेवली.

काकांची टू-टू हातात घेतली आणि वर-खाली करून पाहिली. मग म्हणाला, "काका, फुगे फोडायची बंदूक जमा करायची गरज नाही. घरी घेऊन जा."

काकांचा चेहरा असा लाल झाला की बस! लायसनचं पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "तू ठेव म्हटलं ना! हे खतरनाक हत्यार आहे!"

स्वतःची बंदूक जप्त करा म्हणून ठाण्यात भांडण करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. पोरानं ठेवून घेतली शेवटी. कपाट भरलं होतं म्हणून कोपऱ्यात काठ्यांसोबत उभी केली. त्याचं दुःख काका आजही विसरले नाहीत.

* * *

एकदा फैसला करायचाच म्हणून आम्ही टू-टूची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ढाब्यामागं ट्रकचे जुने टायर पडलेले असतात. त्यातला एक उचलून मेश्रामांच्या शेतात नेला आणि बांधावर टेकवला.

"डुकराचा खांदा आणि हा टायर, सारखंच समजा," मेश्राम म्हणाले. "आरपार गेली तं मी मानतो."

काका पोटावर झोपले. श्वास रोखला. आम्ही पण रोखला. फट्! फटाक्याची लड ओली झाल्यावर एखादा वाजतो ना, तेवढाच आवाज.

टायरला काही झालं नाही. मागून मात्र काच फुटल्याचा आवाज आला. वळून पाहतो, तर गोळी टायरवरून उलटून काकांच्याच मोटरसायकलच्या इंडिकेटरमध्ये बसलेली!

मेश्राम गाडीजवळ गेले, वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "एका गोळीत पाडली काका. मानलं."

* * *

काकांना पहिली परमिशन मिळाली त्या वर्षीची गोष्ट. धान लोंबीवर आलं होतं. दिवस मावळायच्या आधी आम्ही तिघं काकांच्या बांधीच्या कडेला मचाणावर बसलो. एक नर बाहेर आला. एकटा, मोठा, सुळे बाहेर. आला तो सरळ धानात शिरला आणि जेवायला लागला. घाई नाही, गडबड नाही. जसं काही त्यालाच परमिशन मिळाली होती.

काकांनी नेम धरला आणि घोडा दाबला. फट्!

डुकरानं मान वर केली, कान झटकला आणि पुन्हा मान खाली घालून खायला लागलं.

काका आनंदानं माझा दंड दाबून कुजबुजले, "लागली! पाह्यलं का? लागली!"

मेश्राम म्हणाले, "लागली असन काका. पण त्याले कोणी सांगितलं नाही."

* * *

एक किस्सा मोठ्या बंदुकीचाही सांगतो, नाही तर म्हणाल एकट्या काकांवर घसरलो.

गोंदियाहून एका राइस मिलवाल्याचा भाचा आला होता. शिवारात त्याची जमीन आहे आणि परमिशनपण होती. आणली होती जबरदस्त जाड नळीची रायफल. कव्हर वेगळं, पट्टा वेगळा, वर दुर्बीण. डोक्यावर हॅट! काकांची टू-टू पाहून त्यानं मान हलवली. "अंकल, ये क्या मच्छर मारने की मशीन लेके घूमते हो? बड़ी चीज़ रखो. इससे तो हाथी बैठ जाएगा."

काकांनी टू-टू मांडीआड सरकवली. मला त्यांचं वाईट वाटलं. परक्या माणसानं आपल्या माणसाला बोललं की वाटतंच. आपण बोललो तर गोष्ट वेगळी.

डुक्कर आलं. भाच्यानं मचाणावर उभं राहून गोळी झाडली. काय तो आवाज! हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले म्हणतात. धूर विरला तेव्हा डुक्कर जंगलाकडे पळत होतं आणि मचाण रिकामं होतं. भाचा खाली धानात उताणा पडलेला, हॅट एकीकडे, रायफल दुसरीकडे. बंदुकीनं मागं असा धक्का दिला की गडी थेट बांधीच्या पाण्यात!

काका सावकाश उतरले, त्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाले, "बंदूक मोठी असली का हे असंच होते, बाबू. जनावर उभंच राहते, माणूस पडते."

त्या दिवशी मेश्रामांनी स्वतःच्या हातानं काकांना पान लावून दिलं.

* * *

आमच्या गोतात एक नियम आहे. ज्यानं गोळी मारली, त्यानंच आधी जवळ जाऊन पाहायचं. बाकीच्यांनी मागं थांबायचं. पडलेलं डुक्कर मेलेलंच असतं असं नाही, आणि जखमी डुक्कर उठलं तर माणसाला उभा फाडतं. नियम मेश्रामांनी आणला. "म्हणजे फालतू गोळ्या सुटत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

गेल्याच्या गेल्या वर्षी काकांच्या गोळीनं एक डुक्कर नहराजवळच्या बेशरमाच्या झुडपात बसलं. खाली बसलं, एवढंच आम्ही पाहिलं. काका म्हणाले, "पडलं!" आणि नियमाप्रमाणे एकटेच निघाले. आम्ही ट्रॅक्टरवर.

काका दहा पावलांवर गेले आणि डुक्कर उठलं!

या वयाचा माणूस मोहाच्या झाडावर एवढ्या लवकर चढतो हे मला खरं वाटलं नसतं. पण चढता चढता एक सुळा पोटरीला लागलाच. वर काका, खाली डुक्कर, आणि डुकराच्या पायाशी टू-टू.

काका वरून ओरडले, "अरे माझी रायफल द्या रे!"

मेश्राम ट्रॅक्टरवरून म्हणाले, "त्याच्याजवळच आहे काका. त्यालेच मागा!"

मग मी ट्रॅक्टरचा हॉर्न दाबून धरला तेव्हा ते डुक्कर गेलं. हसलो आम्ही, पण काकांना खाली उतरवल्यावर हसू थांबलं. पोटरी चांगलीच फाटली होती. सडक अर्जुनीच्या दवाखान्यात नेलं, टाके घातले. काकू धावत आल्या. रडतील असं वाटलं होतं. त्यांनी पाय पाहिला, काकांकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "पाय बरा होईन साहेब. ज्या बोटानं हे घोडा दाबतात, त्या बोटाचं काही करा."

आणि तिथंच, टाके घालणाऱ्या माणसासमोर, काकूंनी फैसला दिला. पुढच्या वर्षी लायसन रिन्यू करायची वेळ आली की रायफल ठाण्यात कायमची जमा. नाही तर त्या पुण्याला, लेकाकडे. मुलगापण फोनवर आईच्याच बाजूचा.

काकांनी वाद घातला नाही. फक्त म्हणाले, "एक डुक्कर पडू दे. मग मीच नेऊन देतो."

म्हणजे पुढचा एक हंगाम तेवढा उरला होता. आम्ही चेष्टा करत होतो, पण काका खरंच धास्तावले होते. दुकानात यायचे आणि बाकड्यावर गप्प बसायचे.

* * *

आता हा शेवटचा. हा गेल्या हंगामातला.

सकाळी मी दुकानाचं शटर वर करतच होतो, तेवढ्यात छगन आला. हा काकूंचा भाचा, काकांच्या शेतालाच त्याचं शेत लागून आहे. मोटरसायकल स्टँडवर लावायचं भान नाही, अंगाला घाम. म्हणाला, "भाऊ, डुक्कर मेला माह्या बांधीत."

"कशानं?"

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "करंट."

मोटरच्या लाइनवरून तार काढून त्यानं बांधीच्या कडेनं सोडली होती. मला आधी राग आला आणि मग भीती वाटली. हा गुन्हा आहे, यात माणूस सरळ आत जातो. आणि तो गुन्हा आहे तो उगाच नाही. त्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बाया निंदणाला जातात.

मेश्राम हवालदारांना बांधीवरच बोलावलं आणि मी छगनसोबत निघालो. ते आले, तार पाहिली, आणि छगनच्या कानाखाली एक दिली. फौजी हात, छगन गपकन खाली बसला. "याच धुऱ्यावरून तुही माय जाते ना रे? ती चिकटली असती तं?" छगन रडायला लागला. मेश्रामांनी त्याच्याच हातानं तार गुंडाळून घेतली. म्हणाले, "पुन्हा तार दिसली, तं मीच ठाण्यात जाऊन सांगतो. आज नाही सांगत."

पण डुक्कर होतंच तिथं, धुऱ्याला आडवं पडलेलं. पायाजवळचे केस जळालेले. गडी कामावर यायला लागले होते. दडवायचं म्हटलं तरी एवढं धूड जाणार कुठं?

छगनच्या घरून कळलं असावं, तेवढ्यात काकू आल्या, मागं काका. काकूंच्या हातात टू-टू होती! ज्या बाईनं त्या रायफलीला कधी हात लावला नव्हता, तिनं ती पेटीतून काढून पदराखाली झाकून आणली होती. काकांच्या हातात दिली. "तुमच्याजवळ या शिवाराची परमिशन आहे ना? मारा मंग."

काका म्हणाले, "अवं, तो मेला आहे!"

"म्हणूनच म्हणून राहिली. आज तरी लागन."

काका सात-आठ पावलं मागं सरले. नेम धरला. फट्! धुऱ्यावरचा चिखल उडाला. मेलेलं डुक्कर, हलत नाही, डुलत नाही, आणि गोळी बाजूनं गेली! कोणी हसलं नाही. छगन तोंडात गमछा कोंबून बसला होता. काकांनी पुन्हा गोळी भरली. या वेळी कानामागं लागली.

मी पुढं निघालो, तर काकांनी हात आडवा केला. "थांबा. ज्यानं मारली तो आधी जाईन."

आणि खरंच, एक एक पाऊल टाकत, नळी पुढं धरून, काका त्या थंडगार डुकराजवळ गेले. नळीनं डोळ्याला टोचून पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "या आता. गेला."

आम्ही फोन केला. वनखात्याचे साहेब आले, सोबत एक गार्ड. साहेब नवीन होते, पण डोळे जुने होते. डुक्कर पाहिलं, टू-टू पाहिली, पुन्हा डुक्कर पाहिलं.

"हे या रायफलीनं पडलं?"

"हो जी," काका म्हणाले.

"रक्त नाही दिसत."

"बारीक गोळी आहे साहेब. रक्ताले पत्ताच नाही लागत."

"केस जळल्याचा वास काऊन येऊन राहिला?"

"जवळून मारली ना साहेब."

साहेब खाली डुकराच्या पायाकडे पाहायला लागले. छगन तर मेल्यात जमा. मग साहेब मेश्रामांकडे वळले. "हवालदार, तुम्ही फौजेतले. तुम्ही सांगा. टू-टूनं रानडुक्कर पडते?"

मी मेश्रामांकडे पाहिलं. या माणसानं इतकी वर्षं त्या टू-टूची अब्रू ठेवली नव्हती. खोटं बोलताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांनी छगनकडे पाहिलं, मग काकांकडे. टाचा जुळवल्या.

"नेम असला का पडते, साहेब."

साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "पडते." काकूंना विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "पडते!"

साहेबांनी एक मोठा श्वास सोडला. मग छगनला जवळ बोलावून म्हणाले, "खड्डा तू खोद. खोल खोद." एवढंच. पंचनाम्यावर आमच्या सह्या घेतल्या आणि निघून गेले.

दिवाळीनंतर काका स्वतःच्या पायानं ठाण्यात गेले आणि रायफल कायमची जमा करून आले. काकू म्हणाल्या, घरी येऊन निवांत जेवले.

आता काका बाकड्यावर गप्प बसत नाहीत. परवाच एक बियाणं कंपनीचा माणूस आला होता, त्याला सांगत होते. डुक्कर कसं समोरून धावत आलं, धुऱ्यावर कशा निंदणाच्या बाया होत्या, आणि काका कसे मधे उभे राहिले. धावत्या डुकराला कानामागं एक गोळी! तो माणूस तोंड वासून ऐकत होता. काकांनी वळून विचारलं, "काय हवालदार?"

मेश्रामांनी चहाचा घोट घेतला. "हो काका."

छगन काउंटरजवळ युरियाची पोती मोजत उभा होता. मोजणं सोडून सगळं ऐकत होता. संपल्यावर कपाळावरचा घाम पुसत माझ्याकडे वळला आणि अगदी मनापासून म्हणाला, "बरं झालं बाप्पा, काकानं वेळेवर पाडला. नाही तं त्या दिवशी कोणाचा जीव गेला असता!"